पोर्ट बसवलाय, आता गुठळीची भीती वाटते: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात किमो पोर्टची, म्हणजे किमो देण्यासाठी कातडीखाली बसवलेली छोटी डबी आणि तिच्यातून मोठ्या शिरेत जाणारी नळी यांची, काळजी कशी घ्यायची यावर थोडं लिहिलं होतं, त्यानंतर जी पत्रं आणि मेसेज आले त्यातले निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीवर होते, शिरेत नळी आहे म्हणजे तिथे रक्त गोठणार का, आणि गोठू नये म्हणून काय करायचं. मी बरीच वर्षं किमो डे-केअरमध्ये सिस्टर म्हणून काम करतेय, रोज पोर्टला सुई लावते, म्हणून यावेळचं सगळं सदर याच विषयाला दिलंय. डोस ठरवायचं काम तुमच्या डॉक्टरांचं, ते मी इथे करणार नाही, पण त्यांना काय विचारायचं आणि कधी धावत जायचं हे नक्की सांगते.

प्रश्न: नमस्कार ताई, माझी आई ५४ वर्षांची आहे, ब्रेस्ट कॅन्सर, ऑपरेशन झालं आणि गेल्या आठवड्यात किमोसाठी पोर्ट बसवला. शेजारच्या काकांना पोर्टमुळे गुठळी झाली होती, त्यांना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. आईला मात्र अशी एकही गोळी दिलेली नाही. डॉक्टर विसरले असतील का? बाबांची हार्टची इकोस्प्रिन घरात आहे, ती चालू करू का? (एक वाचक, जळगाव)

दादा, आधी ती इकोस्प्रिन बाबांच्या डब्यात परत ठेवा. डॉक्टर विसरलेले नाहीत. पोर्ट आहे एवढ्याच कारणासाठी सरसकट सगळ्यांना रक्त पातळ करायचं औषध द्यायचं नाही असाच आज जगभरातल्या बहुतेक कॅन्सर डॉक्टरांचा नियम आहे, आणि तो कसा आला ते सांगते म्हणजे तुमची शंका जाईल.

रक्त गोठायला तीन गोष्टी कारण होतात, जर्मनीचे डॉक्टर रुडॉल्फ फिर्खो यांचं नाव याला लावतात, १८५६ सालचं त्यांचं काम. रक्त मंदावणं, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणं आणि रक्तच गोठायला जास्त तयार असणं. आता पोर्टवाल्या पेशंटचं बघा, नळीने शिरेतली जागा अडवली म्हणजे तिथे रक्त हळू, नळी आतून घासते म्हणजे अस्तराला इजा, आणि कॅन्सरच्या पेशी स्वतःच रक्त गोठवणारे पदार्थ सोडतात त्यात किमोची भर. तिन्ही एका जागी. कॅन्सर आणि गुठळी यांचं नातं तर फ्रान्सच्या आर्मां त्रूसो यांनी १८६५ लाच सांगितलं होतं आणि दोनच वर्षांनी स्वतःच्या शिरेत गुठळी झालेली बघून त्यांनी ओळखलं की आपल्याला पोटाचा कॅन्सर आहे, १८६७ मध्ये ते त्यातच गेले. म्हणजे भीती खोटी नाहीये.

मग औषध का नाही? १९९० मध्ये एक छोटा अभ्यास आला की रोज वॉरफरिन या रक्त पातळ करायच्या औषधाची १ मिलीग्रॅमची गोळी दिली तर गुठळ्या खूप कमी होतात, आणि कितीतरी ठिकाणी पोर्ट बसवला की ही गोळी चालू व्हायची. नंतर ब्रिटनमध्ये १,५९० पेशंटवर मोठा अभ्यास झाला, २००९ ला छापून आला, त्यात ही १ मिलीग्रॅमची गोळी घेणारे आणि न घेणारे दोघांतही गुठळीचं प्रमाण सारखंच निघालं, शंभरात साधारण ६. आणि रक्ताची टेस्ट करून डोस वाढवत दिला तर गुठळ्या थोड्या कमी झाल्या पण मोठा रक्तस्राव वाढला. किमोत प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी, कधी खाली जातील सांगता येत नाही, अशा माणसाला गरज नसताना रक्त पातळ करणं म्हणजे एक धोका टाळायला दुसरा घरात घेणं. शंभरातल्या चौऱ्याण्णव जणांना त्रास झालाच नव्हता हेही लक्षात घ्या.

मला विचाराल तर गुठळी टाळायचं सगळ्यात मोठं काम ऑपरेशन थिएटरमध्येच होऊन जातं. नळीचं टोक वरच्या मोठ्या शिरेच्या शेवटी, हृदयाच्या तोंडाशी पोचलेलं पाहिजे, तिथे रक्ताचा ओघ जोरात असतो, औषध लगेच पातळ होतं आणि नळी भिंतीला घासत नाही. टोक वर राहिलं तर गुठळीची शक्यता वाढते. उजव्या बाजूने वाट सरळ आहे, डावीकडून वळण घ्यावं लागतं, म्हणून जमेल तिथे उजवी बाजू बरी, अर्थात कॅन्सर उजव्या स्तनाचा असेल तर सहसा डावीकडेच घालतात. सोनोग्राफीत शीर बघून एका टोचण्यात काम झालं तर शिरेला इजा कमी. नळी शिरेच्या मानाने बारीक हवी. आईच्या पोर्टनंतर एक्स-रे काढला असेल, पुढच्या व्हिजिटला "टोक बरोबर जागी आहे ना" एवढं विचारा, डॉक्टरांना राग येणार नाही. आणि पोर्टसोबत एक कार्ड मिळतं, कंपनी, नंबर, तारीख लिहिलेलं, ते फाईलमध्ये पहिल्या पानावर लावा.

घरी काय? आईचा हात चालू ठेवा. पोर्ट बसवलेल्या बाजूचा हात बायका अंगाशी धरून बसतात, पदराखाली, जणू काही मोडलाय, आणि तिथेच रक्त मंदावतं. जखम भरेपर्यंत जड उचलायचं नाही आणि हात डोक्यावर ताणायचा नाही, पण जेवणं, बोटं आणि मूठ उघडमीट करणं हे सगळं पहिल्या दिवसापासून करायचं. पाणी व्यवस्थित प्यायला द्या, किमोनंतर उलट्या जुलाब झाले की शरीर सुकतं आणि रक्त घट्ट होतं. आणि आईला किंवा तिच्या बहिणीभावांना आधी कधी पायात वगैरे गुठळी झाली असेल तर ते न विचारता स्वतःहून सांगा, पुढे टॅमॉक्सिफेन ही ब्रेस्ट कॅन्सरवरची हार्मोनची गोळी चालू करताना पण डॉक्टरांना ते माहीत असायला हवं कारण त्या गोळीने गुठळीचा धोका थोडा वाढतो.

प्रश्न: मला आतड्याचा कॅन्सर आहे, पोर्ट बसवून तीन आठवडे झाले. चार दिवसांपासून त्या बाजूचा हात जड वाटतो, दंड दुखतो. वहिनी म्हणते कुशीवर झोपल्यामुळे झालं असेल, तेल लावून चोळून शेक घे. पुढची किमो आठ दिवसांनी आहे, तेव्हाच दाखवलं तर चालेल का? (एक भगिनी, कोल्हापूर)

ताई, नाही चालणार. तुमचा मेसेज वाचल्या वाचल्या संपादकांकडून नंबर घेऊन तुम्हाला फोन केला आणि तुम्ही त्याच दिवशी दाखवून आलात म्हणून बरं वाटलं, पण उत्तर इथेही देतेय कारण हाच प्रश्न घेऊन घरी बसलेल्या कितीतरी जणी असतील.

एक आठवण सांगते. आमच्याकडे एक काकू यायच्या, हातभर हिरव्या काचेच्या बांगड्या. एक दिवस सुई लावायला बसल्या आणि सहज म्हणाल्या, सिस्टर या हातातल्या बांगड्या फिरतच नाहीत बघा, त्या हातातल्या कशा किणकिण वाजतात. मी दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवून बघितले, पोर्टच्या बाजूच्या हातावर बांगड्यांचे वळ उठले होते, ब्लाउजची बाही दंडात रुतलेली, आणि खांद्याजवळ कातडीखाली निळ्या शिरांची जाळी दिसत होती जी दुसऱ्या बाजूला नव्हती. दुखत काहीच नव्हतं. त्या दिवशी किमो थांबवून डॉपलर, म्हणजे शिरेतला रक्ताचा ओघ दाखवणारी, सोनोग्राफी केली तर काखेतल्या शिरेपासून गळ्याच्या हाडाखालपर्यंत गुठळी होती. काकूंनी बांगड्यांचं बोलून दाखवलं नसतं तर मी पण कदाचित सुई लावून मोकळी झाले असते. तेव्हापासून मी प्रत्येकीला विचारते, बाही घट्ट होतेय का, अंगठी निघते का, आणि पुरुषांना घड्याळाचा पट्टा.

अशी गुठळी पहिल्या तीन महिन्यांत जास्त होते, तुमचे तीन आठवडे त्यातच बसतात. हात सुजणं, जड वाटणं, दंड किंवा मान दुखणं, हाताचा रंग बदलणं, छातीवरच्या शिरा फुगून दिसणं, चेहरा आणि गळा सुजणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दाखवायचं. आणि अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त आलं, चक्कर येऊन पडलात, तर ओपीडीची वाट न बघता जवळच्या कॅज्युअल्टीत जायचं, कारण गुठळीचा तुकडा सुटून फुफ्फुसात गेलेला असू शकतो. म्हणूनच चोळायचं नाही, वहिनींची माया खरी आहे पण सुजलेला हात रगडणं इथे धोक्याचं आहे. उशीवर हात थोडा उंच ठेवा आणि निघा.

गुठळी निघाली म्हणून घाबरू नका. सगळ्यांना वाटतं आता पोर्ट काढणार, पुन्हा ऑपरेशन, किमो लांबणार. तसं नसतं. पोर्ट चालतोय, त्याची गरज आहे, इन्फेक्शन नाहीये आणि टोक जागेवर आहे तर तो तसाच ठेवून रक्त पातळ करायचं औषध चालू करतात, किमान तीन महिने, आणि पोर्ट आत आहे तोपर्यंत बहुतेक वेळा पुढेही. त्याच पोर्टमधून किमोपण पुढे चालू राहते. त्या काकूंची राहिलेली सगळी सायकल त्याच पोर्टमधून झाली.

प्रश्न: वडिलांना स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. किमो सुरू करतानाच डॉक्टरांनी रक्त पातळ करायचं, रोज पोटात घ्यायचं इंजेक्शन दिलं, गुठळी नसताना. सोबतच्या पेशंटना कोणालाच नाही. जास्तीचं बिल तर नाही ना? (एक वाचक, पुणे)

नाही हो. वरच्या जळगावच्या दादांना मी नको म्हणलं आणि तुम्हाला हवं म्हणतेय, यात विसंगती वाटेल पण कारण आहे. पोर्टसाठी म्हणून सगळ्यांना औषध नाही, पण माणसाचा एकूण धोका जास्त असेल तर आधीपासून देतात. तो मोजायला खोराना स्कोर नावाची पद्धत २००८ पासून आहे, कॅन्सर कुठला, प्लेटलेट साडेतीन लाख किंवा वर आहेत का, हिमोग्लोबिन १० च्या खाली आहे का, पांढऱ्या पेशी ११ हजारांच्या वर आहेत का, आणि वजन उंचीच्या मानाने खूप जास्त आहे का, एवढंच बघतात, किमोच्या आधीच्या साध्या सीबीसीतून, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायच्या टेस्टमधून, जवळजवळ सगळं कळतं. स्वादुपिंड आणि जठर या दोन कॅन्सरना एकदम २ गुण आहेत, आणि २ झाले की औषधाचा विचार सुरू होतो. म्हणजे तुमचे वडील पहिल्याच दिवशी त्या यादीत आले. २०१९ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात अशाच जास्त धोक्याच्या पेशंटना अपिक्सबान या रक्त पातळ करायच्या औषधाची अडीच मिलीग्रॅमची गोळी दोन वेळा दिली तर शंभरात १० ऐवजी ४ जणांनाच गुठळी झाली, मोठा रक्तस्राव मात्र शंभरात साधारण २ वरून साडेतीनवर गेला, म्हणून हे औषध माणूस बघूनच द्यायचं असतं.

गोळी सोडून इंजेक्शन का, हे डॉक्टरांनाच विचारा, पण उलट्या होणाऱ्या पेशंटच्या पोटात गोळी टिकत नाही, आणि पोटाच्या काही कॅन्सरमध्ये गोळ्यांनी आतून रक्त जायची भीती जास्त असते, ही दोन कारणं मी नेहमी बघते. इंजेक्शन घरी कोण देतं? तुम्ही देत असाल तर बेंबीपासून दोन इंच लांब, रोज बाजू बदलून, कातडीची घडी चिमटीत धरून सरळ सुई घालायची. भरलेल्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढत बसू नका, नाहीतर औषध पण जातं. नंतर चोळायचं नाही, चोळलं की मोठा काळानिळा डाग उठतो. वापरलेल्या सुया झाकणाच्या जाड प्लास्टिक डब्यात साठवा आणि हॉस्पिटलमध्ये परत द्या, कचरा उचलणाऱ्या माणसाच्या हाताला लागते ती सुई.

आणि सीबीसीवर लक्ष ठेवा. प्लेटलेट ५० हजारांच्या खाली आल्या तर त्या दिवशीचं इंजेक्शन घेण्याआधी डॉक्टरांना फोन. काळी शी, लघवीत रक्त, न थांबणारा घोळणा, डोक्याला मार, यातलं काही झालं तरी फोन. दुखण्यावरच्या गोळ्या मेडिकलवरून स्वतःच्या मनाने आणू नका, त्यातल्या बऱ्याच रक्तस्राव वाढवतात, आणि कोणी दिलेला काढा, लसणाच्या किंवा हळदीच्या कॅप्सूल चालू असतील तर त्या पण डॉक्टरांना दाखवा. भाजीतल्या हळदीबद्दल बोलत नाहीये मी.

याला धरूनच नाशिकच्या एका काकांनी विचारलंय की त्यांना वॉरफरिन चालू आहे तर मेथी पालक बंद करू का. काका, बंद नको, पण एक आठवडा रोज मेथी आणि पुढचा आठवडा अजिबात नाही असं नको, दर आठवड्याला साधारण सारखं खा. मात्र पत्रात खाली तुम्ही कॅपेसिटाबिन लिहिलंय, ही किमोची गोळी वॉरफरिनचा परिणाम खूप वाढवते, तेव्हा दोन्ही देणाऱ्या डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवली आहे का हे आजच बघा आणि आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ती टेस्ट, लवकर करून घ्या. तुमच्या हार्टच्या डॉक्टरांना किमोच्या गोळीचं माहीतच नसण्याची शक्यता आहे.

प्रश्न: मिस्टरांची किमो संपून दोन महिने झाले, पोर्ट अजून आत आहे. दर महिन्याला फ्लशसाठी, म्हणजे नळी सलाईनने धुऊन घ्यायला, मुंबईला जायचं म्हणजे दोन दिवस जातात आणि धर्मशाळेत जागा मिळेल याची खात्री नसते. गावातल्या दवाखान्यात केलं तर चालेल का? नाही केलं तर गुठळी होईल का? (एक भगिनी, बीड जिल्हा)

तुमचा त्रास मला कळतो, परळच्या फुटपाथवर फाईल उराशी धरून बसलेली माणसं मी बघितलीयेत.

फ्लशने नळीच्या आत रक्त साचून ती बुजत नाही. शिरेत नळीभोवती होणारी गुठळी वेगळी, ती फ्लशने टळतेच असं नाही, हे दोन वेगळे प्रकार आहेत. वापरात नसलेल्या पोर्टला पूर्वी दर चार आठवड्यांनी फ्लश सांगायचे, आता बऱ्याच ठिकाणी आठ ते बारा आठवड्यांनी चालतं असं दिसून आलंय. तेव्हा तुमच्या हॉस्पिटलला सरळ विचारा, आम्ही तीन महिन्यांनी फॉलोअपला येतो तेव्हाच केलं तर चालेल का. फ्लशच्या वेळी नळीत भरायचं हेपारिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, नाही मिळालं म्हणून पण काही जण घाबरतात, बेल्जियममध्ये ८०२ पेशंटवर केलेल्या अभ्यासात नुसतं सलाईन आणि हेपारिन यात फरक पडला नाही, २०१३ साली आलाय तो.

गावात करायचं असेल तर करणाऱ्याला पोर्ट येतो का हे बघा, आणि हे मी कळकळीने सांगतेय. पोर्टला साधी सुई चालत नाही, हबर नावाची वेगळी सुई असते, ती पोर्टच्या डबीवर जिथे टोचतात त्या पडद्याचा तुकडा काढत नाही. एका पेशंटच्या पोर्टला कुठेतरी साध्या सुईने दोनदा टोचलं होतं, आमच्याकडे आला तेव्हा औषध बाहेर कातडीखाली झिरपत होतं आणि पोर्ट बदलावा लागला. सिरिंज १० एमएलची किंवा मोठीच हवी, लहान सिरिंजने दाब इतका येतो की नळी फुटू शकते. आधी थोडं रक्त ओढून बघायचं, मग थोडं ढकल, थांब, थोडं ढकल, थांब, असं करत १० एमएल सलाईन घालायचं, या धक्क्यांनी नळीच्या भिंतीला चिकटलेलं धुऊन निघतं, आणि शेवटचं अर्धा एमएल ढकलत असतानाच क्लॅम्प लावायचा म्हणजे रक्त मागे शिरत नाही. हात धुणं, निर्जंतुक ग्लोव्ह्ज, जागा साफ करून वाळू देणं हे आलंच, कारण इन्फेक्शन झालेल्या नळीवर गुठळी पण जास्त होते.

आणि एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत तो मी विचारते, पोर्ट काढायचा कधी? उपचार पूर्ण झाले आणि डॉक्टरांच्या मते लवकर पुन्हा लागणार नसेल तर काढून टाकणं हाच गुठळी टाळायचा सगळ्यात खात्रीचा उपाय आहे. छोटं ऑपरेशन असतं, जागा बधिर करून होतं. कितीतरी जण "असू दे, कशाला पुन्हा कापायचं" म्हणून वर्षानुवर्षं ठेवतात.

प्रश्न: पोर्टमधून औषध आत जातं पण रक्त परत येत नाही. सिस्टर म्हणाल्या हात वर करा, खोका, मान वळवा. हे काय होतं? गुठळी आहे का? (एक वाचक, ठाणे)

बरेचदा नळीच्या टोकावर फायब्रिनचं, म्हणजे रक्त गोठताना तयार होणाऱ्या धाग्यांचं, पातळ आवरण चढतं, ते झडपेसारखं वागतं, आत ढकललं की उघडतं, ओढलं की बंद. कधी टोक भिंतीला टेकलेलं असतं, म्हणून हात वर करायला लावतात. एवढ्यावरून मोठी गुठळी आहे असं म्हणता येत नाही, पण रक्त परत आल्याशिवाय त्यातून जळजळीत किमो, म्हणजे शिरेबाहेर गळली तर कातडी जाळणारी, सोडायची नाही हा नियम आहे, तेव्हा सिस्टरनी वेळ घेतला तर घेऊ द्या. नाहीच आलं तर अल्टेप्लेज किंवा युरोकायनेज सारखं गुठळी विरघळवणारं औषध थोडंसं नळीत भरून ठेवतात, नाहीतर कॉन्ट्रास्ट, म्हणजे एक्स-रेत दिसणारं औषध, घालून एक्स-रे बघतात. जोर लावून ढकलायचं मात्र कोणीही नाही.

थोडक्यात विचारलेले काही

पिक लाईन की पोर्ट, गुठळी कशात कमी? पोर्टमध्ये कमी. पिक लाईन म्हणजे दंडातून मोठ्या शिरेपर्यंत घातलेली लांब नळी, ती दंडातल्या बारीक शिरेतून जाते, तिथे नळी जास्त जागा अडवते. पण किमो दोनतीन महिन्यांचीच असेल किंवा पोर्टचा खर्च झेपत नसेल तर पिक लाईन योग्यच आहे, फक्त त्या हातावर बीपी घेऊ देऊ नका, सुई टोचू देऊ नका, आणि मऊ चेंडू दिवसातून चारपाच वेळा दाबत जा.

भाकरी थापू का? पिक लाईनवाल्या दोघींनी विचारलंय. हलकं काम चालतं, हाताची हालचाल चांगलीच आहे, पण कणीक जोर लावून मळणं, पाण्याची घागर आणि धुणं पिळणं हे घरच्यांनी करावं.

रात्रीच्या एसटीने सोलापूरहून मुंबईला किमोसाठी जातो, बसून पाय सुजतात. काका, हातातल्या नळीची आपण काळजी करतो पण कॅन्सरमध्ये गुठळी पायात पण होते. गाडीत बसल्या बसल्या पावलं वरखाली करत राहा, गाडी थांबेल तिथे उतरून चार पावलं चाला, लघवीला जावं लागेल म्हणून पाणी बंद करू नका. सूज दोन्ही पायांना सारखी असेल आणि रात्री झोपून उठल्यावर उतरत असेल तर पुढच्या व्हिजिटला सांगा. एकाच पायाला असेल, पोटरी दुखत असेल, तर मुंबईत उतरल्यावर किमोच्या रांगेत नंबर लावायच्या आधी डॉक्टरांना तो पाय दाखवा.